मुकादमाच्या फेऱ्या

खालापूर, ७ नोव्हेंबर २०२४

ताई, नमस्कार.

भाऊबीजेला आलो नाही म्हणून तू रागावली असशील. चिमा गेल्याचं वर्ष आहे, बायकोच्या वर्षात सण करत नाही, असं मी प्रवीणला तुला फोनवर सांगायला लावलं. ते खोटं नाही, पण खरं कारण कुत्रा आहे. त्याला घरात एकटा ठेवून निघायची सोय उरलेली नाही.

आमचा मुकादम तुला आठवत असेल. तांबडा, एक कान मुडपलेला. दिवसभर पडून राहतो आणि दुसऱ्यावर ओरडतो म्हणून चिमाने त्याचं नाव मुकादम ठेवलं होतं. मे महिन्यात चिमा गेली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी तो स्वतःच्या शेपटीमागे धावायला लागला. दारात उभा राहतो आणि गरागरा फिरतो. आळीतली पोरं त्याला भोवरा म्हणतात. आधी मीही हसलो. आता हसू येत नाही.

प्रवीणची सोनाली बाळंतपणाला कडावला माहेरी आहे, हे तुला माहीत आहे. नातू सप्टेंबरात झाला, हर्षद नाव ठेवलं. दिवाळीत तिची आई फराळ घेऊन आली. मीच त्यांना फाट्यावरून घेऊन आलो. आम्ही दारात पाऊल ठेवतो तोच मुकादम त्यांच्या पायांत फिरला आणि डबा सांडला. चकल्या अंगणात, करंज्या गटारात. विहीणबाई म्हणाल्या, "उद्या माझी लेक पोराला घेऊन अशीच पडली म्हणजे? हे कुत्रं नीट झाल्याशिवाय ती हा उंबरा ओलांडणार नाही." त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

प्रवीण म्हणतो, एखाद्या फार्महाऊसवर देऊन टाकू, तिथे साखळीला बांधून ठेवतील. शेजारचा दशरथ पूर्वी एका गुरांच्या डॉक्टरच्या हाताखाली होता. तो म्हणतो, "सदूभाऊ, शेपूटच नाय तर धावंल कशाच्या मागं? अर्ध्या तासाचं काम हाय." कुत्रा चिमाचा आहे. मला तो द्यायचा नाही. त्यापेक्षा शेपूट गेलेलं बरं, असं मन घट्ट करत आणलं आहे.

तू प्राणिशास्त्र शिकलीस. कुत्रे शेपटीमागे का धावतात, तेवढं लिही. आणि कापलं तर थांबेल ना, तेही.

तुझा,
सदू

 

दहिवली, ११ नोव्हेंबर

सदू,

तुझं पत्र चार दिवसांनी मिळालं. खोपोलीहून कर्जतला माणूस अर्ध्या-पाऊण तासात येतो, पत्र कुठे हवा खायला जातं कोण जाणे. फोन का करत नाहीस, हे मी विचारत नाही. फोनवर तू "हो, हो" म्हणतोस आणि मी काय बोलले ते मागून प्रवीणला विचारतोस. कानाचं यंत्र कपाटात ठेवल्याने ऐकू येत नाही. ते कानात घालायचं असतं.

आता कुत्र्याचं. शेपूट कापायचं नाही. लहानपणी तुला बारा महिने सर्दी असायची, पण आईने तुझं नाक कापलं नाही. कुत्र्याला बोलायला जे काही आहे ते शेपटीतच आहे. ते काढून घेऊन तू त्याला तुझ्यासारखा करणार, म्हणजे घरात दोन मुके होतील.

कुत्रे शेपटीमागे का धावतात याला एक कारण नाही. पिल्लं धावतात, कारण शेपूट आपलंच आहे हे त्यांना अजून कळलेलं नसतं. मुकादम आठ वर्षांचा आहे, त्याला कळलं असावं. मोठा कुत्रा धावला तर आधी अंग बघावं. पिसवा, गोचीड, शेपटीच्या मुळाशी खाज, पोटात जंत. तिथे काही नसेल तर कंटाळा. ज्या कुत्र्याला दिवसभर काही काम नाही तो स्वतःलाच कामाला लावतो. तेही नसेल तर माणसं. तो एकदा फिरला, पोरं हसली, त्याला वाटलं आपण काहीतरी चांगलं केलं. हसणाऱ्यांपुढे पुन्हापुन्हा तेच करणारी माणसं मी कचेरीत तीस वर्षं पाहिली आहेत, कुत्र्याला काय बोल लावायचा?

तेव्हा पुढीलप्रमाणे वाग. गोचीड बघ, कानात आणि बोटांच्या बेचक्यातही. अंघोळ घाल. जंताचं औषध पाकिटातून पाठवणं पोस्टाला आवडणार नाही, म्हणून खोपोलीतून आण आणि गुळातून दे. रोज सकाळी लांब फिरायला ने, त्याने तुझंही पोट कमी होईल. पोरांना हसू देऊ नकोस. आणि तो फिरायला लागला की तू त्याच्याकडे पाठ कर.

मला कुत्र्यांची आवड नाही, हे तू जाणतोस. हे सगळं केवळ चुकीचा इलाज होऊ नये म्हणून लिहिलं.

ताई

 

खालापूर, १८ नोव्हेंबर

ताई, नमस्कार.

तुला कुत्र्यांची आवड नाही, मग त्याचं वय बरोबर आठ आहे हे तुझ्या लक्षात कसं राहिलं? सहज विचारलं. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

सगळं केलं. गोचीड एक मिळाली, तीसुद्धा मेलेली. अंघोळ घातली तर तसाच ओला पळाला आणि दशरथच्या पेंढ्याच्या उडवीत लोळला. औषध गुळातून दिलं. गूळ खाल्ला आणि गोळी माझ्या चपलेत आणून ठेवली. दुसऱ्या दिवशी ती शेजारून मागून आणलेल्या भाकरीत दडवली तेव्हा गेली. भाकरी म्हटलं की तो आत काय आहे ते बघत नाही.

रोज सकाळी तळ्याकडे नेतो. माझा पट्टा एक भोक आत गेला आहे. पोरांना दम दिला की हसायचं नाही. आता ती ओळीने उभी राहतात आणि कुणाच्या दहाव्याला आल्यासारखी तोंडं करून त्याच्याकडे बघतात. ते पाहून अंबाबाईलाच हसू फुटलं. समोर राहते ती अंबाबाई, तुला ठाऊक आहे, तिचं हसू वेशीपर्यंत ऐकू जातं म्हणतात. मलासुद्धा थोडं ऐकू आलं.

पाठ करून उभा राहिलो. तर तो माझ्यासमोर आला आणि तिथे फिरला. पुन्हा वळलो, पुन्हा समोर. शेवटी आम्ही दोघेही फिरत होतो. अंबाबाई ओरडली, "भाऊ, तुमी तरी थांबा." ती असंही म्हणाली, "कुनी दोरी वढल्याबिगर भोवरा फिरतो होय?" तिचं बोलणं असंच असतं, मी मनावर घेत नाही.

फिरणं काही थांबलेलं नाही. तेव्हा आता ठरवलं. सोनाली तेरा डिसेंबरला, शुक्रवारी येणार. दशरथला आठ तारखेच्या रविवारी सकाळी बोलावलं आहे. जखम आठवड्यात सुकते म्हणतो. नातवाला मी अजून मांडीवर घेतलेलं नाही, ताई. कडावला गेलो तेव्हा तो झोपला होता, आणि झोपलेलं पोर हातात घ्यायचं नसतं असं विहीणबाई म्हणाल्या. फोटोतलं पोर किती दिवस बघायचं?

सदू

 

दहिवली, २२ नोव्हेंबर

सदू,

तुम्ही दोघं एकमेकांभोवती फिरत होतात, हे वाचून मी हसले. असं तुला लिहिणार नव्हते, पण पत्रात खोटं लिहू नये.

मी भात संशोधन केंद्रात होते तेव्हा शेतकरी यायचे आणि दारातूनच सांगायचे, करपा पडला, औषध द्या. बांधावर जाऊन पाहिलं तर अर्ध्या वेळा करपा नसायचाच. कुठे पाणी तुंबलेलं, कुठे खत जास्त झालेलं. त्यांनी रोगाला आधी नाव दिलेलं असायचं, आणि नाव दिलं की माणूस बघायचं थांबवतो. तुझ्या पहिल्या पत्रात तू "शेपटीमागे धावतो" असं लिहिलंस आणि मीही शहाण्यासारखी त्याची कारणं लिहीत बसले. तो शेपटीमागे धावतो हे तुला कुणी सांगितलं? कुत्र्याने?

आता नीट बघ आणि लिही. तो शेपटीला तोंड लावतो का? शेपटीवर दाताची खूण आहे का? फिरताना त्याचे डोळे कुठे असतात? दिवसातून कधी फिरतो, आणि कुणासमोर? चष्मा घालून बघ. अंदाजाने लिहू नकोस, तुझे अंदाज मला माहीत आहेत. लग्नात स्वतःच्या नवरीला ओळखलं नव्हतंस, तिच्या बहिणीकडे बघून लाजत होतास.

ताई

 

खालापूर, २७ नोव्हेंबर

ताई,

नवरीच्या तोंडावर मुंडावळ्या होत्या. हे मी तुला चाळीस वर्षं सांगतो आहे.

बघितलं, चष्मा लावून. शेपटीवर एकही खूण नाही. शेपटीला तो तोंड लावत नाही. शेपटीकडे बघतसुद्धा नाही. मान वर करून फिरतो. त्यामुळेच त्याचा तोल जातो आणि पायांत येतो. वर काय बघतो ते कळेना, म्हणून मी खाली बसून त्याच्या नजरेच्या रोखाने पाहिलं. तो माझ्या डोक्याकडे बघतो.

सकाळी फिरत नाही. दुपारी नाही. प्रवीण कामावरून येतो तेव्हा नुसता शेपूट हलवतो. संध्याकाळी मी फाट्यावरून चहा पिऊन येतो, तेव्हाच हे चालतं. मी दारात चपला काढतो आणि हा सुरू होतो. विहीणबाई आल्या तेव्हाही मी बरोबर होतोच.

म्हणजे तो मला बघूनच फिरतो. मी त्याचं काय वाईट केलं ते कळत नाही. चिमा गेल्यावर मीच त्याला जेवायला घालतो, रोज पाव-दूध. माझ्या डोक्यात एवढं बघण्यासारखं काय आहे?

दशरथला अजून नाही म्हटलेलं नाही. विहीणबाईंना काय सांगू, की कुत्रा शेपटीमागे धावत नाही, माझ्या डोक्याकडे बघून फिरतो? त्या मलाच फार्महाऊसवर पाठवायला सांगतील.

सदू

 

दहिवली, ३० नोव्हेंबर

सदू,

तुझ्या डोक्यात बघण्यासारखं काही नाही, हे मी तुला लहानपणापासून सांगत आले. तेव्हा तो डोक्यात बघत नसणार, डोक्याभोवती बघत असणार.

एकाच प्रश्नाचं उत्तर हवं आहे. चिमा असताना तू संध्याकाळी घरी आलास की दारात काय व्हायचं? अगदी साधं असलं तरी लिही. ती काय करायची, कुठे उभी राहायची, हातात काय असायचं. माणूस गेलं की त्याची मोठी कामं सगळ्यांना आठवतात. घरातलं जनावर लहान कामं लक्षात ठेवतं.

रविवार आठ दिवसांवर आला आहे. लगेच उत्तर दे. पोस्टात जाऊन टाक, त्या फाट्यावरच्या पेटीत नको.

ताई

 

खालापूर, ३ डिसेंबर

ताई,

कालपासून कागद पुढे घेऊन बसलो आहे. तुला हे कधी सांगणार नव्हतो, कारण तू हसशील. मला हसलीस तर चालेल, तिला हसू नकोस.

पाच वर्षांमागे पनवेलला माझ्या हृदयाच्या नळ्या साफ केल्या, तेव्हा घरी आलो त्या दिवशी चिमाने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. आजारातून उठलेल्या माणसावरून टाकतातच, त्यात काही विशेष नाही. पण दुसऱ्या दिवशी मी फाट्यापर्यंत जाऊन आलो तर तिने पुन्हा टाकला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मी म्हटलं, अगं, मी चहा पिऊन आलोय, लढाईवरून नाही. ती म्हणाली, "तुमी गप उभं राहा." ते जे सुरू झालं ते ती शेवटच्या आठवड्यात अंथरुणाला खिळेपर्यंत, रोज. हातात तांदळाच्या भाकरीचा तुकडा, डोक्याभोवती फिरवायची आणि अंगणात टाकायची.

एकदा तू आली होतीस तेव्हा तिने तुझ्यासमोर केलं, आणि तू तिला सुनावलंस. भाकरीने नळ्या साफ होत नाहीत, म्हणालीस. नंतर तू घरी असलीस की ती करायची नाही. तू गेल्यावर दोन दिवसांचं एकदम करायची.

मला लाज वाटायची. एवढा बाप्या माणूस, दारात उभा, आणि बायको भाकरी ओवाळते. आळी बघते. म्हणून मी डोळे मिटून घ्यायचो. मी डोळे मिटले की कुणालाच दिसत नाही असं वाटायचं. ती म्हणायची, "मिटा, मिटा, नायतर डोळ्यांत कण जाईल." पाच वर्षांत मी एकदाही डोळे उघडे ठेवून बघितलं नाही. आता ती कशी उभी राहायची ते आठवायला गेलं तर काळोखच दिसतो.

तू विचारलंस म्हणून लिहिलं. पण याचा कुत्र्याशी काय संबंध, ते मला कळलेलं नाही. तुकडा अंगणात पडायचा. पुढे त्याचं काय व्हायचं हे कोण बघतं? ओवाळून टाकलेल्याकडे वळून बघू नये म्हणतात.

हे पत्र तुला मिळेपर्यंत बहुतेक रविवार येईल.

सदू

 

दहिवली, ८ डिसेंबर

सदू,

काल मी तुझ्या दारात येऊन गेले, तरी हे पत्र लिहिते आहे. कारण जे झालं तेव्हा तू डोळे मिटून आणि कान कपाटात ठेवून उभा होतास. तुझ्या घरात काय घडतं हे तुला दरवेळी दुसऱ्याने लिहून कळवावं लागतं.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. ते वाचून मी स्वतःला दोन शब्द ऐकवले, ते इथे लिहीत नाही. शनिवारी आले. तुला चहाला फाट्यावर पिटाळलं. तुझ्या स्वयंपाकघरात शोधलं तर भाकरी नाही, पावाचे सहा पुडे. मग समोर अंबाबाईकडे गेले. म्हटलं, एक तुकडा भाकरी द्या. ती म्हणाली, "एक कशाला, जेवाच की." म्हटलं, प्रयोग करायचा आहे. ती पदराला हात पुसत मागोमाग आली.

तू आलास. चपला काढल्यास. मुकादम उठला, मान वर केली, पहिली फेरी घेणार एवढ्यात त्याने माझ्या हातातली भाकरी पाहिली. तो थांबला. माझ्या आयुष्यात कुणी माझ्याकडे इतक्या आदराने पाहिलेलं नाही, खात्यातल्या लोकांनीही नाही. मी हात वर केला. तू काही न विचारता डोळे मिटलेस, म्हणजे तूही शिकवलेलाच आहेस.

माझा हात तुझ्या डोक्याभोवती फिरला, तसा तो जागच्या जागी फिरला. हात जेवढा, तेवढाच. हात संपला, तो थांबला. मी तुकडा अंगणात टाकला. तो जमिनीला लागायच्या आत त्याने झेलला, खाल्ला, परत आला आणि उंबऱ्याशी आडवा पडून पोरांवर ओरडायला लागला. मुकादम कामावर रुजू झाला.

अंबाबाई म्हणाली, "आवं, हा तर पयल्यापासनं आसाच. चिमाबायचा हात फिरला की हा फिरायचा. ती म्हनायची, तुजी पन काढते रं मुकादमा." मी विचारलं, मग हे आजवर का नाही सांगितलंत? ती म्हणाली, "मला कोनी इचारलं? तुमी समदी शेपटीचं बोलत व्हता."

आता तुला कळलं का? कुत्र्याच्या लेखी गोष्ट साधी आहे. तू येतोस, हात फिरतो, भाकरी पडते. मे महिन्यापासून तू येतोस, पण हात फिरत नाही. मग त्याने विचार केला असेल, की निदान आपल्या वाटणीचं फिरणं आपण करावं, भाकरीची आठवण होईल. तुझं पाव-दूध त्याने पोटासाठी खाल्लं. ही भाकरी त्याच्या हिशेबी कामाची होती, आणि ते काम बंद का पडलं हे त्याला कुणी सांगितलं नाही. सात महिने तो तुला रोज सांगत होता, दारातलं एक काम राहिलं आहे. आणि तुम्ही दशरथला बोलावलंत.

दशरथला चहा देऊन परत पाठव, असं मी कालनिर्णयाच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहून तुझ्यासमोर धरलं होतं. तू मान हलवलीस. तू सगळ्यालाच मान हलवतोस, म्हणून काळजी आहे. काय केलंस ते लगेच कळव.

दृष्ट लागत नसते, हे माझं मत कायम आहे. भाकरीने नळ्या साफ होत नाहीत, हेही. मी सुनावलं त्या दिवशी चिमा मला काय म्हणाली होती, ते तुला तिने सांगितलेलं दिसत नाही. ती म्हणाली, "नळ्यांचं डॉक्टर बघतील, ताई. बाकीचं मी बघते." काल तुझ्या दारात हात फिरवताना ते बोलणं आठवलं. नंतर लगेच निघाले, कारण गाडीची वेळ झाली होती.

ताई

 

खालापूर, १५ डिसेंबर

ताई, नमस्कार.

खोपोलीहून कर्जतला संध्याकाळी एकच गाडी नाही. तुझी कुठली वेळ झाली होती ते मी विचारत नाही. तू तोंड फिरवून चालायला लागलीस तेव्हा मी डोळे उघडलेले होते, एवढंच कळवतो. आणि तू प्रयोग केलास असं लिहितेस, पण अंबाबाईने आळीभर सांगितलंय की कर्जतच्या शिकलेल्या ताईंनी सदूभाऊंची दृष्ट काढली. मी सांगून बघितलं की तो प्रयोग होता. ती म्हणाली, "व्हय व्हय, आमी पन तेच करतो."

मुकादमाचं शेपूट जागेवर आहे. रविवारी दशरथ पिशवी घेऊन आला. त्याला दोन कप चहा पाजला आणि सगळं सांगितलं. तो पिशवीचं तोंड बांधत म्हणाला, "बरं झालं भाऊ, मला पन रात झोप नव्हती." मग तो असा का बोलला होता? तर म्हणतो, तुमी आशेनं इचारलं, कायतरी बोलावं लागतं.

रविवार ते गुरुवार मी स्वतःच स्वतःवरून भाकरी ओवाळून टाकली. चार वेळा भाजताना हात पोळला, पाचव्या दिवशी भाकरी गोल झाली. अंबाबाई म्हणते, कुत्रा बरा झाला, आता म्हाताऱ्याला लागलं.

शुक्रवारी सोनाली आली. बरोबर विहीणबाई. त्या रिक्षातून आधी उतरल्या आणि मुकादमाकडे बघत उभ्या राहिल्या. दारात बाळबाळंतिणीवरून भाकरतुकडा ओवाळायला हवा, आणि घरात बाई नाही. अंबाबाई येत होती, पण मी म्हटलं, थांब, हे आमच्या घरचं काम आहे. मीच आत जाऊन भाकरी आणि तांब्या घेऊन आलो. पुरुषाने ओवाळलेलं चालतं का हे मला माहीत नाही. कुणी नाही म्हणालं नाही. मी हात फिरवला. मुकादम पायरीच्या बाजूला उभा होता, तिथेच एक फेरी फिरला, कुणाच्या पायात न येता, आणि तुकडा टाकताच अंगणात धावला. विहीणबाई म्हणाल्या, "अगं बाई, हा तर मान देतो." मग त्यांनी हर्षदला माझ्याकडे दिलं. तो जागा होता. मी त्याला मांडीवर घेऊन बसलो तो दिवे लागेपर्यंत उठलो नाही. पाय बधिर झाले. यंत्र कानात घातलं आहे, शुक्रवारपासून. तो रडतो ते ऐकायला.

आता खरी बातमी. काल संध्याकाळी मी फाट्यावरून आलो. चपला काढल्या. भाकरी घ्यायला आत निघालो, तर सोनाली दारात उभी. एका हातावर पोर, दुसऱ्या हातात तुकडा. तिला कुणी सांगितलं मला माहीत नाही, मी सांगितलेलं नाही. ती म्हणाली, "बाबा, गप उभे राहा. आई म्हणायच्या तसे डोळे मिटा."

मी मिटले नाहीत, ताई. पहिल्यांदा बघितलं. हात फिरला तसा तो फिरला. मान वर, एक कान मुडपलेला, एवढा शहाण्यासारखा, आणि शेपूट आपलं मागून चाललं होतं, त्याच्याकडे त्याचं लक्षही नव्हतं. चिमाला हे रोज दिसत होतं. पाच वर्षं ती दारात उभी राहून हे बघत होती आणि हसत असणार, आणि मी तिच्यासमोर डोळे मिटून.

नंतर बराच वेळ डोळ्यांतून पाणी येत होतं. मीठमोहरीचा कण गेला असावा.

सदू

 

दहिवली, १९ डिसेंबर

सदू,

पत्र मिळालं. यंत्र कानात घातलंस हे वाचून बरं वाटलं. रात्री काढून ठेव, नाहीतर बिघडेल. भाकरीचा तुकडा लहान घे, त्याचं वय झालं आहे. नाताळात मी चार दिवस येते. हर्षदला बघायला, दुसरं काही नाही. संध्याकाळच्या गाडीने येईन, म्हणजे मी दारात येईन तेव्हा मुकादमाची वेळ झालेली असेल. सोनालीला सांग, ओवाळायचं असेल तर ओवाळ, मी काही बोलणार नाही.

डोळ्यांचं तेवढं राहिलं. भाकरतुकड्यात मीठमोहरी नसते.

ताई